माजी सैनिक आणि वीरपत्नींना कागदपत्रांत मदत करताना: स्वयंसेवकांसाठी कामाचा क्रम

नोव्हेंबर उजाडला की गावोगावची तरुण मंडळी मोबाईल घेऊन पेन्शनरांचे हयातीचे दाखले भरून द्यायला बसतात. हेतू चांगलाच असतो. पण पुढे काही महिन्यांनी त्यांतल्याच दोन-चार आजी बँकेच्या पायरीवर दिसतात, कारण पेन्शन जमा झालेली नसते. दाखला भरलेला असतो, मेसेजही आलेला असतो, फक्त तो भलत्याच कार्यालयाकडे गेलेला असतो. नावदुरुस्तीच्या, दवाखान्याच्या कार्डाच्या आणि अनुदानाच्या अर्जांचीही हीच गत होते.

चूक बहुतेक वेळा एकच असते. मदत करणारा थेट अर्जाला हात घालतो. लष्कराच्या दप्तरात त्या कुटुंबाबद्दल काय लिहिलेले आहे, हे आधी कोणी पाहत नाही. म्हणून या लेखातला सगळा क्रम ‘आधी नोंद, मग अर्ज’ असा लावला आहे. शाल-श्रीफळ, सत्कार, मिरवणूक यांबद्दल इथे काही नाही. ती कामे करायला माणसे पुष्कळ मिळतात.

## १. आधी स्वतःची जागा ठरवा

एकट्याने, स्वतःच्या नावाने हे काम सुरू करू नका. पहिली फेरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मारा. जुनी माणसे त्याला अजून ‘सोल्जर बोर्ड’ म्हणतात. तिथे कल्याण संघटक असतात आणि ते तालुक्यांचे दौरे करतात. त्यांना भेटून तीन गोष्टी विचारा: तुमच्या तालुक्यात दौरा कधी असतो, कोणत्या गावांतली कुटुंबे कार्यालयापर्यंत पोहोचत नाहीत आणि सध्या कोणत्या कामात अर्ज सर्वांत जास्त परत येतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून घ्या. पुढचे सहा महिने तेच तुमचे काम.

दुसरा दरवाजा तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेचा. तिथला एखादा निवृत्त क्लार्क-हवालदार सापडला तर त्याचे बोट सोडू नका. रेकॉर्ड ऑफिसची, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाची भाषा त्याला जितकी कळते, तितकी वकिलालाही कळत नाही.

जमिनीचे वाद, कोर्ट, पोलीस असली कामे अंगावर येणार असतील तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ‘वीर परिवार सहायता योजना’ माहीत करून घ्या. ती २६ जुलै २०२५ रोजी सुरू झाली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत कायदेविषयक मदत केंद्रे चालवायची आणि माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना विधी स्वयंसेवक म्हणून तयार करायचे, अशी तिची रचना आहे. कायद्याचा प्रश्न आला की तो तिकडे सोपवा.

शेवटी आपल्या गटाचे चार नियम कागदावर लिहा आणि प्रत्येक घरी आधी तेच सांगा: मूळ कागद घेणार नाही, ओटीपी विचारणार नाही, पैसे घेणार नाही, मंजुरीची हमी देणार नाही.

सावध: ‘वन रँक वन पेन्शन’मध्ये (समान हुद्दा व समान सेवेला समान पेन्शन) किती फरक मिळेल याचे आकडे तोंडी सांगू नका. ही पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि दर पाच वर्षांनी तिची फेरआखणी होते. हुद्दा, गट आणि सेवेची वर्षे यांवर ती ठरते. तुमचा अंदाज चुकला तर त्या घरात तुमचे पुढचे कोणतेही बोलणे कोणी ऐकणार नाही.

## २. भेटीची तयारी

दोघांनी जा. वीरपत्नी एकटी राहत असेल तर दोघांत एक बाई हवीच. आदल्या दिवशी फोन करा आणि कोणते कागद काढून ठेवायचे ते सांगा, नाहीतर पहिला तास ट्रंक शोधण्यात जातो.

सोबत वही, पेन, भिंग आणि मोबाईल चार्जर घ्या. भिंग विनोदाने लिहिलेले नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या डिस्चार्ज बुकातली (निवृत्तीवेळी मिळालेल्या सेवापुस्तकातली) पुसट शाई साध्या डोळ्यांनी नीट वाचता येत नाही, आणि ३ चा ८ वाचला तर सगळा अर्ज वाया जातो.

निवृत्त माणसाला हुद्द्याने हाक मारा: सुभेदारसाहेब, हवालदारसाहेब. वीरपत्नींना वयाप्रमाणे ताई, काकू, आजी. घरात मृत्यू नुकताच झाला असेल तर ‘कसे झाले?’ हा प्रश्न तोंडातून काढू नका. त्यांना सांगायचे असेल तर ते सांगतीलच. फोटोही काढू नका. मदतीच्या पिशवीसोबत विधवेचा फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची पद्धत काही गटांनी पाडली आहे. अशा गटाला पुढच्या वेळी दार उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

## ३. पहिली भेट: कागद फक्त पाहा

पहिल्या भेटीत एकही अर्ज भरायचा नाही. मोह होईल, कारण समोरची माणसे म्हणतील, ‘आलाच आहात तर तेवढे ऑनलाइन करून टाका.’ थांबा.

एका ओळीत हे कागद मांडा: डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र, आधार, पॅन, पासबुक आणि ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड. मग वहीच्या एका पानावर तक्ता आखा. डावीकडे कागदाचे नाव आणि पुढे चार रकाने: सैनिकाचे नाव, पत्नीचे नाव, जन्मतारीख, मोबाईल. प्रत्येक कागदावर जे अक्षर दिसते तेच उतरवायचे, आपल्या मनाने दुरुस्त करायचे नाही.

घोळ नेमका कसा दिसतो ते पाहा. एखाद्या आजीचे नाव डिस्चार्ज बुकात नुसते ‘हौसा’ असते, कारण भरतीनंतर कधीतरी क्लार्कने इंग्रजीत तेवढेच लिहून घेतले. आधारवर ‘हौसाबाई’ आणि पुढे नवऱ्याचे नाव, आडनाव. पासबुकात आडनावाचे स्पेलिंग वेगळे. लग्नाआधीचे नाव कुठेतरी मागे राहिलेले असेल तर तेही मधूनच डोके वर काढते. जन्मतारखेचे तर विचारू नका: बुकात १९४८ आणि आधारवर ०१/०१/१९५२, कारण आधार काढताना कोणालाच तारीख आठवत नव्हती.

चार वर्षांच्या या फरकाला फार किंमत आहे. पेन्शनर किंवा कुटुंब निवृत्तिवेतनधारक ८० वर्षांचा झाला की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. नोंदीत १९४८ असेल तर आजींची वाढ २०२८ मध्ये सुरू होईल. १९५२ धरले गेले तर २०३२ पर्यंत वाट पाहायची. अनेक जुन्या पीपीओंत तर पत्नीची जन्मतारीखच नसते, मग ऐंशी ओलांडूनही वाढ सुरू होत नाही आणि ती मिळायला हवी होती हे घरात कोणाला माहीतही नसते. पंचाहत्तरी उलटलेल्या प्रत्येक आजीच्या पीपीओत हा एक रकाना आधी पाहा.

सैनिकी क्रमांकही अक्षर न् अक्षर उतरवा. जवानांच्या क्रमांकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. ते लिहायचे राहिले की रेकॉर्ड ऑफिसचे पत्र परत आलेच म्हणून समजा. नायब सुभेदार किंवा त्यावरच्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्यांना ‘जेसी’ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळालेला असतो. दोन्ही क्रमांक लिहून ठेवा.

तपासा: घराबाहेर पडण्याआधी तक्ता त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि ओळखपत्र परत त्यांच्याच हातात दिले का? कागदांचे फोटो लागलेच तर त्यांच्या मोबाईलवर काढा. आधार आणि पीपीओचे फोटो तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाता कामा नयेत, ‘तज्ज्ञांना विचारायला’ म्हणूनसुद्धा नाही.

## ४. नोंद दुरुस्त करा, आणि योग्य क्रमाने करा

सर्वांत जास्त कामे इथेच फसतात, म्हणून इथे घाई नको.

फरक दिसला की सगळे आधार केंद्राकडे धावतात. ते चूक आहे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. ती संधी चुकीच्या दिशेने वापरली तर पुढे दार बंद. लष्कराच्या नोंदीत काय आहे ते लेखी कळल्याशिवाय आधारला हात लावायचा नाही.

क्रम असा ठेवा.

पहिले, रेकॉर्ड ऑफिस कोणते ते नक्की करा. शेवटच्या युनिटला पत्र पाठवणे ही नेहमीची चूक. युनिट आज एका ठिकाणी, उद्या दुसरीकडे; निवृत्त माणसाची नोंद रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठीला, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. नौसैनिकांची नोंद मुंबईत आणि हवाई दलाच्या निवृत्तांची दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमध्ये. अधिकाऱ्यांच्या नोंदी लष्करी मुख्यालयात दिल्लीला असतात, त्यांचा मार्ग वेगळा.

दुसरे, विचारणा करा. पत्र एका पानाचे असावे: क्रमांक, हुद्दा, नाव, रेजिमेंट, निवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक, सध्याचा पत्ता आणि मोबाईल. खाली एकच प्रश्न: पत्नी व मुलांची नावे आणि जन्मतारखा आपल्या नोंदीत काय आहेत? सही पेन्शनरची किंवा कुटुंब निवृत्तिवेतनधारकाची. पत्र सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवले तर उत्तर यायची शक्यता वाढते. थेट पाठवायचे असेल तर स्पीड पोस्टने, पावती त्यांच्या फाईलला लावून.

तिसरे, उत्तर आल्यावर कोणता कागद चुकीचा आहे ते ठरवा. लष्कराची नोंद बरोबर आणि आधार चुकीचे असेल तर आधार दुरुस्त करा. लष्कराची नोंदच चुकीची किंवा अपुरी असेल तर रेकॉर्ड ऑफिसला पुराव्यांसह लिहायचे. लग्न, अपत्यजन्म, नावातला बदल या गोष्टी तिथे ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे लष्कराच्या लेखी नोंद-आदेशाने, नोंदल्या जातात. लग्नाची नोंदच झालेली नसेल तर पत्नी कागदावर पत्नी नसते. हे सैनिक हयात असताना सापडले तर काम सोपे असते, म्हणून निवृत्त सैनिक धडधाकट असतानाच ही तपासणी करून घ्या. ‘आत्ता कशाला?’ असे ते म्हणतील. रेटून करा.

चौथे, स्पेलिंगचा किरकोळ फरक असेल तर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र पुष्कळदा चालते. ते कोणासमोर आणि कोणत्या नमुन्यात हवे, हे ज्या कार्यालयाला द्यायचे त्यालाच आधी विचारा. तीन नमुन्यांत तीन प्रतिज्ञापत्रे करून पैसे घालवलेली माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतात.

पाचवे, ‘स्पर्श’ पोर्टलवरची माहिती सर्वांत शेवटी. आता संरक्षण पेन्शन स्पर्शमधून थेट खात्यावर येते. लॉगिन त्यांचे, मोबाईल त्यांचा, पासवर्ड त्यांच्याच डायरीत. मोबाईल क्रमांकाच्या जागी स्वतःचा क्रमांक टाकणारे स्वयंसेवक पाहिले की कपाळाला हात लावावासा वाटतो. पुढची प्रत्येक सूचना आजींऐवजी त्याच्याकडे जाते, आणि तो तोवर नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो.

सावध: डिस्चार्ज बुक हरवले असेल तर आधी पोलिसांत हरवल्याची नोंद, मग सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे दुय्यम प्रतीची मागणी. झेरॉक्सवर भागवू नका.

## ५. हयातीचा दाखला

वर्षातून एकदाच येणारे काम, पण सर्वांत जास्त बिघडणारे. आधी स्पर्शवर लॉगिन करून ओळख पडताळणीची देय तारीख पाहा. सगळ्यांची तारीख नोव्हेंबरच असेल असे धरून चालू नका.

डिजिटल दाखला ‘जीवन प्रमाण’वरून होतो. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर चेहऱ्याच्या ओळखीने करा. त्यासाठी मोबाईलवर जीवन प्रमाणचे फेस अॅप आणि आधारचे फेस आरडी अॅप, दोन्ही लागतात. अॅप फक्त अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. ‘हयातीचा दाखला भरा’ म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेल्या फाईलला हात लावायचा नाही.

अॅपमध्ये प्रथम ऑपरेटरची, म्हणजे दाखला भरून देणाऱ्याची ओळख मागतात, मग पेन्शनरची. या दोन पायऱ्यांची गल्लत करू नका. त्यानंतरचे रकाने असे:

- नाव: आधारवर आहे तसेच.
- पेन्शनचा प्रकार: स्वतःची सेवेची की कुटुंब निवृत्तिवेतन. वीरपत्नींच्या बाबतीत इथे हमखास चूक होते.
- मंजुरी देणारे कार्यालय: भूदलासाठी ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’. हवाई दलासाठी ‘जेटी सीडीए (एएफ) सुब्रोतो पार्क’, नौदलासाठी ‘पीसीडीए (नेव्ही) मुंबई’.
- पेन्शन वाटप करणारे कार्यालय: स्पर्शमध्ये असलेल्यांसाठी ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’. शहराचे नाव प्रयागराज झाले तरी यादीत अलाहाबाद शोधा.
- पीपीओ क्रमांक: स्पर्शचा नवा क्रमांक. जुन्या पिवळ्या कागदावरचा नव्हे.
- पुनर्विवाह आणि पुनर्नियुक्तीचे प्रश्न: वाचून, विचारून, मगच उत्तर. नुसते पुढे-पुढे दाबत गेलात तर चुकीच्या ठिकाणी ‘होय’ पडते.

लेखाच्या सुरुवातीच्या आजींचा घोटाळा चौथ्या रकान्यात झालेला असतो. पेन्शन बँकेच्या खात्यात येते, म्हणून भरणाऱ्याने तिथे बँकेचे नाव निवडले. दाखला बँकेकडे गेला आणि स्पर्शला काहीच कळले नाही. ज्यांची पेन्शन अजूनही बँकेमार्फतच चालू आहे त्यांचा रकाना अर्थातच वेगळा भरायचा, म्हणून स्पर्शचा पीपीओ आहे की नाही हे आधी पाहूनच बसा.

चेहरा टिपताना खिडकीकडे पाठ करून बसवू नका. उजेड चेहऱ्यावर हवा, मागची भिंत मोकळी. चष्मा काढा, पदर कपाळावरून थोडा मागे, आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. मोतीबिंदूचे ऑपरेशन ताजे असेल तर तो आठवडा जाऊ द्या.

तपासा: प्रमाण आयडीचा (दाखल्याच्या क्रमांकाचा) मेसेज आला म्हणजे दाखला तयार झाला एवढेच, पेन्शन कार्यालयाने तो स्वीकारला असे नाही. काही दिवसांनी स्पर्शवर जाऊन पुढच्या वर्षीची तारीख दिसते का ते पाहा. ती बदललेली दिसेपर्यंत वहीतल्या नावापुढे बरोबरची खूण करू नका.

मोबाईलने काम झालेच नाही तर सेवा केंद्र, बँकेतले स्पर्श सेवा केंद्र किंवा संरक्षण पेन्शन वाटप कार्यालय हे मार्ग आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून नेऊ नका. आधी सैनिक कल्याण कार्यालयाला फोन करा आणि घरी येऊन करता येईल का ते विचारा.

## ६. पेन्शनर गेल्यानंतर

दहाव्या-तेराव्यापर्यंत कुटुंबाला कागदांचा त्रास देऊ नका. अपवाद दोन.

एक, मृत्यूची नोंद. ती २१ दिवसांत करायची असते. ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत सांगायला जाणाऱ्याच्या हातात डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स द्या, म्हणजे दाखल्यावर नाव लष्कराच्या नोंदीप्रमाणे पडेल. दाखल्यावर एकदा चुकीचे नाव पडले की चौथ्या टप्प्याची सगळी यातायात पुन्हा करावी लागते.

दोन, एटीएम कार्ड. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत वसूल होते. मुलाने ‘बाबांचे कार्ड आहेच’ म्हणून काढलेले पैसे पुढे आईच्या पेन्शनमधून कापले जातात. हे सौम्य शब्दांत पण पहिल्याच दिवशी सांगा. पती-पत्नीचे संयुक्त खाते असेल तर ते बंद करायची घाईही करू देऊ नका.

नंतरचा क्रम सरळ आहे. मृत्यूचा दाखला हातात आल्यावर स्पर्शवर किंवा सेवा केंद्रातून मृत्यूची माहिती द्या. पत्नीचे नाव पीपीओत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतन तिथूनच सुरू होते. नाव नसेल तर रेकॉर्ड ऑफिस. वारस दाखला किंवा मृत्युपत्र घेऊन धावपळ करणारी कुटुंबे बरीच असतात, पण कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. ते नियमाने पात्र व्यक्तीलाच मिळते.

वीरपत्नीला एक गोष्ट आधीच समजावून सांगा. निवृत्तीनंतर सैनिक गेला तर साधे कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीला वाढीव दराने मिळते: सात वर्षे, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. नंतर ते शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येते. पन्नाशीत गेलेल्या सैनिकाच्या पत्नीची रक्कम त्यामुळे आठव्या वर्षी एकदम खाली येते आणि ती घाबरून सांगते की पेन्शन कापली. सेवेतला मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर दर वेगळे: विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के आणि युद्ध किंवा तशा कारवाईतल्या मृत्यूसाठी उदारीकृत निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराइतके. कोणता प्रकार लागू, हे लष्कर ठरवते. तुम्ही फक्त पीपीओवर काय लिहिले आहे ते वाचून सांगा.

ट्रंकेत आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे निवृत्तीनंतरच्या विम्याचे प्रमाणपत्र आहे का, तेही शोधा. घरच्यांना त्याचा पत्ता नसतो.

## ७. ईसीएचएस

थोडक्यात. तातडी नसेल तर आधी पॉलिक्लिनिक म्हणजे योजनेचा स्वतःचा दवाखाना, तिथून रेफरल, मग योजनेशी संलग्न रुग्णालय. रेफरलशिवाय थेट दाखल झाले की बिलाची भांडणे सुरू. जीवावर बेतलेले असेल तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात न्या, पण ते संलग्न नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. कुटुंबाच्या फ्रीजवर पॉलिक्लिनिकचा क्रमांक चिकटवून येणे हे तुमच्या भेटीतले सर्वांत उपयोगी काम ठरू शकते.

मुलगा २५ वर्षांचा झाला, कमावू लागला किंवा त्याचे लग्न झाले, मुलीचे लग्न झाले किंवा ती कमावू लागली, की त्यांचे कार्ड चालत नाही. सैनिक गेल्यावर त्याचे कार्डही बंद करून पत्नीचे नव्याने करून घ्यायचे.

## ८. अनुदाने आणि शिष्यवृत्त्या

केंद्रीय सैनिक बोर्डाचे अर्ज ऑनलाइन भरायचे, पडताळणी जिल्हा कार्यालय करते. ‘सगळ्यांना मिळते’ असे गावभर सांगून गर्दी करू नका. बहुतेक अनुदाने हवालदार व त्याखालच्या हुद्द्यांसाठी आहेत.

पेन्शनच नसलेल्या, ६५ ओलांडलेल्या माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना निर्वाह अनुदान मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते महिना ४,००० वरून ८,००० रुपये झाले. ही माणसे शोधणे अवघड, कारण पेन्शन नाही म्हणून ती कोणत्याच यादीत नसतात. पाच-सात वर्षे सेवा करून घरी आलेला एखादा म्हातारा गावात असेल तर त्याच्याकडे आधी जा. मुलीच्या लग्नाचे अनुदान लग्नानंतर १८० दिवसांच्या आत मागावे लागते, आणि ‘जरा कर्ज फिटू दे, मग बघू’ म्हणणारा बाप ही मुदत हमखास घालवतो. पंतप्रधान शिष्यवृत्ती व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षालाच मागायची, किमान ६० टक्के गुण लागतात, आणि ती मुलींना महिना ३,००० तर मुलांना २,५०० रुपये आहे. दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाचा अर्ज भरत बसू नका.

## ९. जवान सेवेत असलेले घर

इथे कागद कमी, पथ्ये जास्त. त्याचे युनिट, ठिकाण, सुट्टीच्या तारखा, प्रवासाची गाडी यांतले काहीही वहीत लिहायचे नाही, ग्रुपवर तर नाहीच. ‘आमच्या गावचा वाघ अमुक सीमेवर’ अशा पोस्ट टाकणाऱ्या मित्रालाही थांबवा. ‘युनिटमधून बोलतोय, मुलाला अपघात झाला, पैसे पाठवा’ असे फोन येतात. अशा वेळी पैसे न पाठवता जवानाला किंवा सैनिक कल्याण कार्यालयाला फोन करून खात्री करायची, हे घरच्यांना समजावून ठेवा.

बांधाचा, वाटणीचा वाद असेल तर जवानाने कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवायला हवे. जिल्हाधिकारी हेच जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. दावा कोर्टात गेलेला असेल आणि जवान विशेष परिस्थितीत सेवेवर असेल, तर १९२५ च्या भारतीय सैनिक (दावे) कायद्याचा आधार घेऊन कामकाज थांबवण्याची मागणी करता येते. हे वकिलाला सांगा. तालुक्याच्या कोर्टात पुष्कळांना तो कायदा आठवत नाही. भाऊबंदकीत तुम्ही स्वतः मात्र कोणाच्या बाजूने बांधावर उभे राहू नका.

## १०. पाठपुरावा आणि काम सोडताना

प्रत्येक कुटुंबासाठी वहीत एक पान: काय मागितले, कोणाकडे, कोणत्या तारखेला, पावती किंवा तक्रार क्रमांक आणि पुढे कधी विचारायचे. याची नक्कल त्यांच्या फाईलमध्येही हवी. स्पर्शवर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. तिथून उत्तर आले नाही तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर जा, आणि तिथे जुना क्रमांक लिहायला विसरू नका. एकाच कामासाठी आठवड्याला नवी तक्रार टाकत बसलात तर जुन्या बंद होतात आणि धागा तुटतो.

तुम्ही नोकरीसाठी किंवा लग्न होऊन गाव सोडणार असाल तर महिनाभर आधी जोडीदाराला प्रत्येक घरी घेऊन जा. ‘यापुढे हा येईल’ असे समोर सांगा, वही त्याच्याकडे द्या. तुमच्या मोबाईलमध्ये राहून गेलेले कागदांचे फोटो, जीवन प्रमाण अॅपमधला ऑपरेटर म्हणून केलेला नोंदणीचा तपशील आणि डाउनलोड झालेले दाखले पुसून टाका. चुकून कोणाच्या खात्याला तुमचा मोबाईल क्रमांक जोडलेला राहिला असेल तर तो बदलल्याशिवाय सिम बंद करू नका.